मामा तलावातला मामा कोण?

आज गोंदिया जिल्ह्याच्या तलावांबद्दल बोलू, आणि थोडं आपल्या फोनमधल्या सर्चबद्दलही.

धानाच्या बांध्यांना पाणी देणारे आपल्याकडचे जुने तलाव, त्यातले कितीतरी कोहळी समाजाने बांधलेले. सगळे त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. यात कुणाचा मामा नाही बरं का! मामा म्हणजे ‘माजी मालगुजारी’. मध्य प्रांतात गावाची मालकी आणि सारावसुली मालगुजाराकडे असायची. १९५० च्या कायद्याने ती मालकी गेली, १९५१ मध्ये तलाव सरकारकडे आले आणि मालगुजारीला ‘माजी’ चिकटलं.

आता हे फोनला कसं कळावं? साधा सर्च फक्त अक्षरं जुळवतो. भंडारा जिल्ह्याच्या १९०८ च्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये हेच तलाव ‘टँक’ आहेत. तिथे ‘गोंदिया जिल्हा’ शोधून सापडणारच नाही, कारण आपला जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला १ मे १९९९ ला. नुसतं ‘अर्जुनी’ टाकलं, तर अर्जुनी मोरगाव की सडक अर्जुनी?

यावरचा उपाय म्हणजे शब्दाला अर्थाची खूण लावणं. तंत्रज्ञ त्याला सिमँटिक अ‍ॅनोटेशन म्हणतात. २०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडेटावर असंच चालतं: प्रत्येक गोष्टीला एक क्रमांक, आणि त्याला जोडलेली सगळी नावं, प्रकार, ठिकाण, तारखा. समजा नवेगावबांधच्या नोंदीत लिहिलं की हा तलाव आहे, १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होता, नंतर गोंदियात. मग जुन्या कागदातल्या त्याच्या उल्लेखाला तोच क्रमांक जोडला, की ‘गोंदियातले तलाव’ शोधणाऱ्यालाही तो कागद मिळू शकतो.

मला हे महत्त्वाचं वाटतं ते निस्तार हक्कांमुळे. तलावाचं पाणी कुणी, कसं घ्यायचं, अशा गावाच्या वहिवाटी ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या कागदात लिहिलेल्या असतात. कागद स्कॅन झाला, पण शोधून सापडला नाही, तर गावाने हक्क दाखवायचा कशाच्या जोरावर?

आणि ही खूण मशीन एकटं नीट लावू शकत नाही. तलाव कुठला, बोडी कुठली, मामा म्हणजे काय, हे गावातल्याच माणसाला माहीत असतं. म्हणून तुमच्या गावच्या तलावाला म्हातारी माणसं काय म्हणतात, ते विचारा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!