कापड जागेवर धरणारी खळ



आज एका लहानशा डब्याबद्दल बोलायचं आहे. टी-शर्टावर स्क्रीनने छपाई करताना शर्ट फळीवरून हलू नये म्हणून आपण जो चिकट पदार्थ लावतो, त्याचा हा डबा. आमच्या गटाला शाळेच्या शर्टांची पहिली ऑर्डर मिळाली तेव्हा आम्ही फवाऱ्याचा डबा आणला होता. दाबलं की फुस्स, शर्ट ठेवला की बसला. काम भराभर उरकत होतं. धूळ बसू नये म्हणून खोलीचं दार-खिडकी लावून घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी दोघी-तिघींचं डोकं जड झालं. खोली झाडताना केरसुणी जमिनीला चिकटायला लागली. तेव्हा एकीनं विचारलं, "जमिनीवर एवढं बसलंय, तर आपल्या छातीत किती गेलं असेल?"

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता आम्ही बरंच लांब, पार जपानपर्यंत जाऊन आलो. तीच हकिगत आज तुम्हाला सांगतो.

आधी हे बघू, की कापड धरून ठेवावं का लागतं? लाकडी ठशानं छापताना ठसा वरून खाली दाबतात आणि सरळ उचलतात. राजस्थानात सांगानेरला ठशाची छपाई करणारे कारागीर टेबलावर गोणपाटाचे आणि कापडाचे थर घालून गादी करतात, वर कापड ताणून पसरतात आणि कडेनं टाचण्या टोचतात. तेवढ्यानं भागतं. स्क्रीनचं तसं नाही. स्क्वीजी ओढली की कापडही तिच्यामागे सरकायला बघतं. स्क्रीन उचलली की ओल्या रंगाला धरून वर यायला बघतं. कापड केसभर जरी हललं तरी अक्षराला दुहेरी कड येते. दोन-तीन रंगांचं चित्र असेल तर एक रंग दुसऱ्याच्या अंगावर चढतो. त्यातून टी-शर्टाचं कापड होजियरीचं, ओढू तिकडे लांबणारं. कडेनं टाचण्या लावल्या तरी मधला भाग मोकळाच राहतो. म्हणून त्याला खालून, सगळीकडून धरणारं काहीतरी लागतं.

ही गरज पूर्वी जपानी कारागिरांनाही पडली होती. तिथे जाड कागदात नक्षी कोरून, तो कागद कापडावर ठेवून, त्यातून भाताचा लगदा कापडावर उतरवायची जुनी पद्धत आहे. लगदा लागतो तिथे रंग चढत नाही आणि नक्षी उमटते. किमोनोसाठीची कापडाची पट्टी बारा-तेरा मीटर लांब असते. तिच्यासाठी सुमारे सात मीटर लांबीची लाकडी फळी वापरतात. फळीवर चिकट तांदळाच्या खळीचा पातळ हात देऊन ती वाळू देतात. कामाच्या वेळी ओला ब्रश फिरवला की वाळलेली खळ जागी होते. मग त्यावर कापड सुरकुती न पडता बसवतात. अर्धी पट्टी फळीच्या एका बाजूला, उरलेली दुसऱ्या बाजूला. काम झालं की कापड सोलून घ्यायचं. खळ पाण्यानं निघते. दर वेळी नवी लावावी लागत नाही, पाणी लावून तीच पुन्हा चालते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, शेवटी परत तिच्यापाशी यायचं आहे.

आपल्याला खळ काही नवी नाही. घोंगडी विणताना उभ्या लोकरीच्या धाग्यांना चिंचोक्याची खळ देतात, म्हणजे धागा कडक राहतो आणि मागावर तुटत नाही. वह्या-पुस्तकं बांधताना मैद्याची खळ लागते, आणि तिला कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद टाकतात. धान्यातून, बियांतून, झाडाच्या डिंकातून चिकटपणा काढणं हे ज्ञान घराघरात होतं, आणि ते बरंचसं बायकांच्याच हाती होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जपानचा बाहेरच्या जगाशी व्यापार वाढला आणि हे कोरीव कागद युरोपात पोचले. नाजूक नक्षी फाटू नये म्हणून जपानी कारागीर त्यावर रेशमाचे धागे किंवा जाळी बसवत. १९०७ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी रेशमी कापड ताणून त्यातून छापण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. १९२०-३०च्या सुमारास फ्रान्समधल्या लियोंला रेशमी कापडावर अशी छपाई मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. लांबच लांब टेबलं, आणि त्यावर कापड कुठे टाचण्यांनी, कुठे डिंकानं किंवा खळीनं धरलेलं. आपल्या शेजारी गुजरातमधल्या जेतपूरला साड्यांची छपाई वाढली तीही अशा लांब टेबलांवरच. १९६३ साली जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या प्रदर्शनात हॉलंडच्या एका कंपनीनं गोल फिरणाऱ्या स्क्रीनचं यंत्र मांडलं. अशा यंत्रात कापड सरकत्या पट्ट्यावर चिकटवतात, आणि पट्टा परत फिरताना खालच्या बाजूला धुऊन निघतो. यंत्र कितीही मोठं झालं तरी कापड चिकटवल्याशिवाय त्याचंही चालत नाही.

मग आला टी-शर्ट. अमेरिकेत १९६०च्या दशकात छापील टी-शर्टांची लाट आली. मायकेल वासिलँटोन यांनी चक्रासारखं फिरणारं, अनेक फळ्यांचं छपाई यंत्र काढलं आणि १९६९ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं. आता दर शर्टाला फळी रिकामी होणार, नवा शर्ट चढणार. झटपट लागेल असा चिकटा हवा झाला, आणि इथे फवाऱ्याचा डबा कामात शिरला.

त्या डब्याचीही गोष्ट आहे. १९२०च्या दशकात नॉर्वेच्या एरिक रॉटहाइम यांनी दाबाखालच्या वायूनं द्रव फवारण्याची युक्ती काढली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना हिवतापाचे डास मारायला असे डबे दिले गेले. युद्ध संपल्यावर डबा घराघरात आणि कारखान्यात गेला. आधी त्यात जो वायू भरत, तो आकाशातल्या ओझोनच्या थराला भोक पाडतो हे कळलं, आणि १९८७ साली माँट्रियलला देशांनी तो हळूहळू बंद करायचा करार केला. त्याच्या जागी बऱ्याच डब्यांत प्रोपेन आणि ब्यूटेन आले.

बायांनो, हे दोन वायू आपल्या ओळखीचे आहेत. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये हेच असतात. फरक एवढाच, की सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, गळती कळावी म्हणून. फवाऱ्याच्या डब्यातला गॅस मात्र वास काढून टाकलेला असतो. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. आणि आपण काम करतो खाली बसून. शेजारी चूल, दिवा किंवा रंग वाळवायची शेगडी पेटलेली असली, तर काय होईल ते सांगायला नको.

वायूखेरीज डब्यात चिकटा पातळ करणारं द्रावण असतं, आणि इथे आपल्याला पुन्हा जपानला जावं लागतं. १९५०च्या दशकात तिथे एका फॅशनेबल सपातेची मोठी लाट आली होती. ऑड्री हेपबर्न या नटीच्या नावावरून तिला 'हेप सँडल' म्हणत. घरोघरी बायका लहानशा खोल्यांत बसून तिचे तळवे चिकटवत. त्या गोंदात बेंझिन होतं. त्यानं रक्त तयार होणंच बिघडतं. बायका आजारी पडल्या, काही दगावल्या. १९५९ साली जपान सरकारनं बेंझिनच्या गोंदावर बंदी घातली.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण बेंझिनच्या जागी गोंदात एन-हेक्झेन आलं. ते कमी धोक्याचं मानलं जात होतं. १९६०च्या दशकात सपाता चिकटवणाऱ्यांच्या पायाची बोटं बधिर होऊ लागली, मग हात, मग पायातली ताकद गेली. हेक्झेन शरीरात गेल्यावर त्याचं जे रूपांतर होतं ते नसांना खातं. काम थांबवल्यावरही काही महिने त्रास वाढू शकतो, आणि बरं व्हायला फार वेळ लागतो. एक विष काढून दुसरं आणलं, आणि दोन्ही वेळा किंमत घरात बसून काम करणाऱ्या बायकांनी मोजली.

तिसरी गोष्ट स्पेनची, १९९२ सालची. आल्कोय गावाच्या परिसरात कापडावर फवाऱ्यानं रंग मारणारे लहान कारखाने होते. तिथल्या कामगारांना फुप्फुसाचा भयंकर आजार झाला. सहा जण मेले. आजारी पडलेल्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. तो रंग पूर्वी लगद्यासारखा यायचा आणि हातानं लावायचा. पुढे तो पातळ करून फवारायला लागले. पोटात गेला तर फारसा विषारी नाही, असंच त्याच्याबद्दल समजलं जात होतं. बारीक तुषार होऊन छातीत गेल्यावर काय होतं, हे कुणी तपासलंच नव्हतं.

आम्ही ही गोष्ट वाचली तेव्हा गटात थोडा वेळ कुणी बोललं नाही. हातानं लावलेली वस्तू आणि हवेत उडवलेली तीच वस्तू, या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्या दिवशी कळलं.

आता आमच्या गटात काय चालतं ते सांगतो. आम्ही पाण्यात विरघळणारा चिकटा घेतो. पुठ्ठ्याच्या तुकड्यानं फळीवर अगदी पातळ हात देतो आणि तो चिकट होईपर्यंत थांबतो. जाड थर दिला तर चिकटा शर्टाच्या आतल्या बाजूला लागतो, आणि शर्ट सोलताना ताणला जातो. शर्ट ठेवायचा तो न ओढता, हातानं मधून कडेकडे सपाट करत. बरेच शर्ट झाले की फळीवर कापसाचे तंतू बसून पकड कमी होते. तेव्हा ओलं फडकं फिरवायचं, चिकटा पुन्हा जागा होतो. आठवली का जपानी फळी? वस्तू नवी, पण रीत तीच. काम संपलं की कोमट पाण्यानं फळी धुवायची, किंवा आधीच फळीवर चिकट कागद लावून नंतर तो काढून टाकायचा. साडी-ओढणीसारखं लांब, न ताणणारं कापड असेल तर जाड गादी आणि टाचण्या अजूनही उत्तम.

खरं सांगायचं तर सुरुवातीला याला वेळ जास्त लागतो. आमच्यातही कुरबुर झाली, कारण ऑर्डरीची तारीख कुणासाठी थांबत नाही. पण हात बसल्यावर फरक फार राहिला नाही.

कधी फवारा वापरायची वेळ आलीच, तर तो उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून मारा. जवळपास विस्तव नको, लेकरं नकोत, पोटुशी बाई नको. तोंडाला बांधलेला पदर किंवा साधा कापडी मास्क तुषार थोडे अडवेल, वाफ अडवणार नाही. आणि विकत घेण्याआधी डबा फिरवून मागचं वाचा, किंवा शिकलेल्या लेकीकडून वाचून घ्या. हेक्झेन, टोल्युइन, मिथिलीन क्लोराइड ही नावं दिसली तर डबा परत ठेवा. काहीच लिहिलेलं नसेल, तरी परत ठेवा. हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा आला तर डॉक्टरांना आपण काय काम करतो ते आवर्जून सांगा. विचारलं नाही तरी सांगा.

शर्ट छापून मिळणारे पैसे आपल्याला हवेतच. त्यासाठीच तर गट आहे. पण सपाता चिकटवणाऱ्या त्या बायकांनाही पैसेच हवे होते, आणि गोंदाच्या डब्यात काय आहे ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याला आता ठाऊक आहे. शेजारच्या गटातल्या बायांनाही सांगा.

राम राम.