लोह आणि प्लेगचा जंतु

दौंड तालुक्यातील आमच्या वरवंड गावी गाठीची साथ आली, घरात उंदीर मरून पडू लागले आणि लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिले, ही हकीगत मी आजीच्या तोंडून अनेकदा ऐकली. त्या साथीत तिचा भाऊ गेला व ती वाचली. एकाच ताटात जेवणाऱ्या दोघांच्या नशिबी असे वेगळे का यावे, हा तिचा प्रश्न होता. त्याच्या उत्तरातील एक धागा आज मी आपणांपुढे ठेवणार आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनी हा रोग ओळखला. पुढे तो पुण्यास पोहोचला. रुग्णांची शुश्रूषा करिता करिता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले त्यास बळी पडल्या. रोगाचा जंतु यर्सिन ह्यांनी हाँगकाँग येथे १८९४ सालीच शोधिला होता, व १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन ह्यांनी मुंबईत आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. शत्रूचे रूप कळले. त्याची शिदोरी कळावयास मात्र बराच काळ लोटला.

ती शिदोरी म्हणजे लोह. आपल्या रक्तात लोह पुष्कळ, परंतु मोकळे असे जवळजवळ नसतेच. ते प्रथिनांच्या कोठारात कुलूपबंद असते. रोगाचा हल्ला होताच शरीर ते अधिकच दडवून ठेविते. प्लेगचा जंतु मात्र एक सूक्ष्म द्रव्य बाहेर सोडतो व त्याच्याकरवी ते लोह ओढून घेतो. १९५६ साली इंग्लंडात जॅक्सन व बरोज ह्यांनी ही शक्ती गमावलेला दुबळा जंतु उंदरांस टोचला व सोबत लोहही दिले. तेव्हा तोच जंतु पुन्हा प्राणघातक ठरला.

२००९ साली शिकागो येथे अशाच दुबळ्या केलेल्या जंतूवर काम करणारा एक संशोधक प्लेगने मरण पावला. आनुवंशिक विकारामुळे त्याच्या देहात लोहाचा अतिसंचय झाला होता, हे मृत्यूनंतर उघडकीस आले. तो संचयच जंतूच्या उपयोगी पडला असावा, असे तज्ज्ञांचे अनुमान आहे.

ह्यावरून लोह वाईट, असे कोणी समजू नये. ते कमी पडले तर पंडुरोग ठेवलेलाच आहे. म्हणून लोहाचे औषध वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावे, हे बरे.

आजीच्या भावाचे रक्त कसे होते, हे आता कोण सांगणार? परंतु एक जातो व एक राहतो, ह्यात ललाटरेषेखेरीज देहाच्या जमाखर्चाचाही वाटा असतो, एवढे आज तिला सांगता आले असते.