तेरचं कापड, गिऱ्हाइकाची भाषा

तेर म्हटलं की सोलापूरकरांना गोरोबाकाकांची समाधी आठवते. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणेच्या काठचं हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी ‘तगर’ नावाचं शहर होतं आणि तिथलं कापड रोमन साम्राज्यात जायचं. इ.स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती तेरलाही मिळाली आहे.

मग तेरला लॅटिन पोचली होती का?

तगरची माहिती देणारं ‘पेरिप्लस’ हे पहिल्या शतकातलं पुस्तक ग्रीकमध्ये आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असं त्यात लिहिलंय. तगरचं जाडंभरडं कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून भडोचला यायची. याच वर्णनाच्या आधारे फ्लीट या अभ्यासकाने १९०१ मध्ये तगर म्हणजे तेर, असं मांडलं.

रोमशी व्यापार आणि पुस्तक ग्रीकमध्ये, असं का? भडोचहून निघालेला माल तांबड्या समुद्रातल्या बंदरांवर उतरायचा आणि नाईलमार्गे अलेक्झांड्रियाला जायचा. इजिप्त इ.स.पू. ३० पासून रोमचा प्रांत होता, पण अलेक्झांड्रियाच्या बाजारात आधीपासूनची ग्रीकच चालत राहिली. लॅटिन होती ती मुख्यतः सैन्यात आणि वरच्या रोमन अधिकाऱ्यांकडे. त्यामुळे आपल्या कापडाचा सौदा व्हायचा तो ग्रीकमध्ये.

लॅटिन इकडे आली ती नाण्यासोबत. रोमन ‘देनारिउस’चा संस्कृतात ‘दीनार’ झाला आणि गुप्तकाळातल्या शिलालेखांत तो सोन्याच्या नाण्याचं नाव म्हणून दिसतो. देनारिउसच्या मुळाशी दहाचा आकडा आहे. लॅटिनचा ‘देकेम’ आणि आपला ‘दहा’ हे तर लांबचे भाऊबंदच. ग्रीक ‘द्राख्मे’चा ‘द्रम्म’ झाला आणि पुढे ‘दाम’. ‘छदामही देणार नाही’ म्हणताना आपण ग्रीक नाण्याचंच नाव घेतो.

रोमचा प्लिनी लॅटिनमध्ये तक्रार करतो, की भारत दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स घेऊन जातो. म्हणजे खरेदीदाराने लिहिलं, वाटेतल्या व्यापाऱ्यानेही लिहिलं. विणकराचं काय? नाशिकच्या लेण्यात विणकरांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींची नोंद आहे, पण तीही देणगीदाराने कोरवलेली. तगरच्या मागावर काय बोललं जायचं, सुताला आणि विणीला काय शब्द होते, ते आपल्यापर्यंत आलं नाही.

आज सोलापुरात विणकरांच्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, बाजारात मराठी चालते आणि परदेशी जाणाऱ्या टॉवेलवर इंग्रजी लेबल लागतं. तीन भाषांपैकी लेबलावरची टिकेल, तिची काळजी नको. मागावरचे शब्द मात्र ते वापरणारी माणसं आहेत तोवरच विचारून घ्यावे लागतील. घरात कुणी माग चालवला असेल तर त्यांना बोलतं करा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. तगरच्या विणकरांना ही सोय नव्हती.