एनएसएफ : एका नावाची कुळकथा

पेशीतील प्रथिने सूक्ष्म पुटिकांतून एका कोष्ठातून दुसऱ्यात नेली जातात. या वाहतुकीस आवश्यक असलेले एनएसएफ हे प्रथिन दोन निराळ्या वाटांनी हाती आले. नोव्हिक, फील्ड व शेकमन यांनी १९८० साली यीस्टच्या उत्परिवर्तित वाणांवरून स्रावास आवश्यक असे २३ जनुकगट निश्चित केले. ‘सेक१८’ हा त्यांपैकीच एक. रॉथमन यांनी मात्र फोडलेल्या पेशींच्या रसात, परीक्षानलिकेतच, ही वाहतूक घडवून आणली. एन-एथिलमॅलिमाइडने ती थांबे; ती पुन्हा सुरू करणारे प्रथिन त्यांच्या प्रयोगशाळेत १९८८ मध्ये शुद्ध झाले. ज्याने ते निकामी होते त्याच रसायनाचे नाव त्याला चिकटावे, हा योग चमत्कारिकच! १९८९ मध्ये ही दोन्ही प्रथिने परस्परांची प्रतिरूपे ठरली.

या प्रथिनावाचून पुटिका न मिसळता साचून राहत. त्यावरून तेच त्यांचे मीलन घडविते, असा तर्क झाला. तो घाईचा होता. मायर, विकनर व हास यांनी १९९६ मध्ये यीस्टच्या रिक्तिकांवर दाखविले की त्याचे कार्य मीलनापूर्वीच उरकते. एटीपीच्या ऊर्जेने ते गुंतलेली स्नेअर प्रथिने सोडविते. मीलन घडवितात ती स्नेअर प्रथिनेच. तरीही सतराव्या गुणसूत्रावरील या मानवी जनुकाच्या अधिकृत नावात ‘पुटिका-मीलक’ हे विशेषण अद्याप कायम आहे.