स्टॅलिनचा राग अन् आपला काळा दगड

मंडळी, जगात कुठं भांडण लागलं की आपण पेट्रोलचा भाव बघतो. एकेकाळी खाणीवरच्या मजुराची रोजी अशाच दूरच्या भांडणांवर हलायची.

तुमसरकडचं चिखला, डोंगरी बुजुर्ग, पलीकडे बालाघाट, हा मँगनीजचा पट्टा. (आपणही १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होतो.) लोखंडातलं गंधक मँगनीज बांधून ठेवतं, नाहीतर तापवल्यावर पोलाद तडकतं. हा दगड म्हणजे जुन्या समुद्रतळावरचा गाळ, दाबानं-उष्णतेनं बदललेला. त्यातल्या एका खडकाला फर्मर या इंग्रज भूवैज्ञानिकानं १९०९ मध्ये नाव दिलं, गोंडाइट. गोंडांवरून! नाव गोंडांचं, नफा कंपनीचा, असो.

तेव्हा मोठा पुरवठादार रशिया. १९०४-०५ मध्ये त्याचं जपानशी युद्ध झालं, पाठोपाठ क्रांतीची धामधूम. तिकडचा माल अडला, भाव चढला, आणि १९०७ मध्ये भारताचं उत्पादन ९ लाख टनांवर गेलं. त्याच वर्षी अमेरिकेत बँका कोसळल्या. भाव पडला, खाणी मंदावल्या.

शीतयुद्धात पुन्हा तेच. १९४८-४९ मध्ये स्टॅलिननं अमेरिकेचं मँगनीज आखडलं, अमेरिका भारताकडे वळली. १९५१ मध्ये गव्हासाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज दिलं, त्याच्या फेडीत असा कच्चा माल घेण्याची सोयही ठेवली. म्हणजे आपला दगड तिकडं, गहू इकडं. पोलाद मात्र त्यांच्याच भट्टीत.

आज चीन रेअर अर्थ आखडतो तेव्हा वॉशिंग्टनची धावपळ बघून मला चिखलाच आठवतं. तुमच्या घरात कोणी खाणीवर होतं का? असेल तर कमेंटमध्ये लिहा.