अठ्ठावीस इंची वारसा

गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेतून माझ्या भाच्याने एक छायाचित्र पाठवले. वय वर्षे त्रेचाळीस, जबाबदारीची नोकरी, घरी दोन मुले. आणि हे गृहस्थ मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, उंच हँडलच्या अशा पोरासोरांच्या थाटाच्या सायकलीवर स्वार! खाली लिहिले होते, ‘मामा, ही माझी चौथी.’ त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, म्हणाली, ‘या वयात हे काय खूळ?’ घरात हशा पिकला. मला मात्र हसता आले नाही. पांढुर्ण्यातील माझ्या घराच्या पडवीत तीन जुन्या सायकली उभ्या आहेत आणि हेच वाक्य मी त्यांच्यापायी अनेक वर्षे ऐकत आलो आहे.

इतिहासाचा विद्यार्थी असल्याने मी भाच्याच्या सायकलीचे मूळ शोधले. 1970 च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियातील मुले मोटारसायकलींच्या शर्यतींची नक्कल करीत 20 इंची चाकांच्या सायकली मातीच्या उंचवट्यांवरून उडवू लागली. 1971 साली ‘ऑन एनी संडे’ या चित्रपटात अशी मुले पडद्यावर दिसली आणि हे वेड देशभर पसरले. त्यालाच बीएमएक्स म्हणतात. 2008 साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये त्याच्या शर्यतीही झाल्या. पण मुले मोठी होतात. चाळिशी गाठलेल्या गुडघ्यांना 20 इंची चाक पुरेना, म्हणून याच घडणीची 24, 26 आणि आता 29 इंची चाकांची सायकल आली. तिला क्रूझर म्हणतात. बालपण सोडवत नव्हते, तेव्हा चाकच मोठे केले, असा हा प्रकार.

आमच्याकडे नेमके उलटे घडले. आमच्या लहानपणी मुलांची सायकल ही श्रीमंताघरची वस्तू. आम्ही शिकलो ते वडिलांच्या 28 इंची सायकलीवर, दांड्याखालून पाय घालून, ‘कैची’ मारीत. कैची हा शब्द हिंदी की मराठी, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि सायकलच्या दुकानात दोन्हींपलीकडची तिसरीच भाषा: पायडल, मडगाट, फिरवील, पंचर. गुडघे फुटायचे, पँट चेनमध्ये अडकायची. पण सीटवर बसून पाय टेकू लागले, की मुलगा मोठा झाला असे घर मानीत असे. तिकडे मोठी माणसे मुलांच्या सायकलीवर बसली, इकडे मुले मोठ्यांच्या सायकलीवर लोंबकळत मोठी झाली.

ही 28 इंची सायकल मूळची इंग्लंडची. 1885 साली जॉन केम्प स्टार्ली याने दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला साखळी असलेली ‘रोव्हर’ बाजारात आणली. 1888 साली डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. पुढील अर्धशतक हिंदुस्थानात सायकल आली ती बहुतांशी बोटीने. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. 1951 साली सोनिपतला अ‍ॅटलस उभी राहिली, 1952 साली आसनसोलला सेन-रॅले, 1956 साली लुधियान्याला हीरो. खेड्यातल्या मास्तराला, पोस्टमनला, दूधवाल्याला सायकल परवडू लागली ती तेव्हापासून.

1956 हे साल आमच्या भागाला आणखी एका कारणाने आठवते. तोवर मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि मराठी बोलणारे आमचे पांढुर्णा-सौंसर छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिले. राजधानी भोपाळला गेली. कागद हिंदी झाले, सोयरिकी मात्र वरुड-काटोल-सावनेरलाच राहिल्या. माझे वडील प्राथमिक शिक्षक. त्यांनी 1958 साली सीताबर्डीवरून सेन-रॅलेची सायकल घेतली आणि दोन दिवसांत ती चालवत घरी आणली. वाटेत राज्याची सीमा लागली, पण ती ओलांडल्याचे त्यांना आठवत नव्हते. चढावर उतरावे लागले, एवढेच ते सांगत.

या सायकलीशी मी एकदा वाईट वागलो, ते येथे नमूद करतो. 1992 साली मला नोकरी लागली आणि मी लुना घेतली. वडिलांना म्हणालो, ‘बाबा, आता ती खटारा काढून टाका, लोक हसतात.’ ते काही बोलले नाहीत. पुढे चार वर्षे, निवृत्त होईपर्यंत, ते त्याच सायकलीने शाळेत गेले; फक्त माझ्या शाळेपुढून जाणारा रस्ता त्यांनी बदलला. हे मला त्यांच्या पश्चात, त्यांच्या एका सहकाऱ्याकडून कळले.

ते गेल्यावर दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाला आला. सायकल तराजूला लागली. बावीस किलो भरली. भावाने पैसे हातात घेतलेही होते. तेवढ्यात माझे लक्ष डाव्या पायडलकडे गेले. उजव्यापेक्षा ते कितीतरी अधिक झिजले होते. चाळीस वर्षे ते डाव्या पायडलवर पाय ठेवून, दोन उड्या मारून टांग टाकीत. कॅरिअरच्या पट्ट्या मधोमध वाकलेल्या होत्या. तेथे आम्ही तिघे भावंडे आळीपाळीने बसलो होतो. आयुष्यभर मुलांना मी सांगत आलो, की नाणी आणि शिलालेख ही इतिहासाची साधने आहेत. माझ्या घरचा शिलालेख मी भंगारात घालीत होतो. पैसे परत केले.

आमच्या गावच्या वृद्ध मिस्त्रींनी तिचे आरे काढून चाके नव्याने बांधली. म्हणाले, ‘गुरुजी, हे लोखंड काही मरत नाही. वापरलं नाही, तर मात्र गंजते.’ मग एक अ‍ॅटलस आली, पुढे एक हर्क्युलिस. पुण्याच्या विक्रम पेंडसे यांनी तर कर्वेनगरात जुन्या सायकलींचे संग्रहालयच उभारले, ते 2017 साली खुले झाले. दुसऱ्या महायुद्धात छत्रीसैनिकांसाठी केलेली बीएसएची घडीची सायकल त्यात आहे. माझा संग्रह तीन सायकलींचा. पण त्या मी चालवतो. रविवारी पहाटे संत्र्याच्या बागांमधून सावरगावापर्यंत, कधी जांब नदीच्या काठाने.

ज्या कारखान्यांनी ही चाके घडवली, त्यांतले काही आज नाहीत. आसनसोलचा कारखाना सरकारने ताब्यात घेतला आणि पुढे तोही बंद पडला. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, थांबला. आमचे पांढुर्णा 2023 साली स्वतंत्र जिल्हा झाले, सौंसर त्यात आले. शासनाच्या योजनेतून दूरच्या गावच्या मुलींना शाळेत सायकली मिळतात. वाटपाच्या दिवशी मैदानावर हिंदी, मराठी आणि गोंडी बोलणाऱ्या मुली एकमेकींचे कॅरिअर धरून तोल सावरताना पाहतो, तेव्हा वडिलांची आठवण येते.

भाच्याला मी वडिलांच्या सायकलीवर बसलेले माझे छायाचित्र पाठवले. त्याचे उत्तर आले, ‘मामा, आजोबांची सायकल विकू नका. मी येईन तेव्हा चालवीन.’

वाचकहो, यंदाच्याही दिवाळीत पडव्या झाडल्या जातील. तुमच्याकडे अशी एखादी सायकल असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना तीन गोष्टी विचारा: ती कधी घेतली, कोठून घेतली आणि तिच्यावर कोण कोण शिकले. उत्तरे वहीत लिहून ठेवा. मग विकायची तर विका.