लेयर मास्क म्हणजे काय? फोटो न खोडता एडिट कसा करायचा

फोटोचं बॅकग्राउंड काढायचं म्हटलं की बहुतेक जण थेट इरेजर उचलतात. काम होतंही. पण फाईल सेव्ह करून ॲप बंद केलं, की खोडलेले पिक्सेल गेले ते गेलेच, मग अनडूही कामाला येत नाही. लेयर मास्क काहीच खोडत नाही, नको असलेला भाग फक्त झाकतो.

लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. फोटोशॉपमध्ये ते १९९४ साली, ३.० या आवृत्तीत आले. मास्क म्हणजे लेयरला जोडलेलं एक काळं-पांढरं चित्र. ते पांढरं असेल तिथे लेयर दिसतो, काळं असेल तिथे लपतो, करडं असेल तिथे अर्धवट दिसतो.

आत काय चालतं ते मला इंजिनिअर म्हणून सांगावंसं वाटतंच. साध्या ८-बिट फोटोत मास्कच्या प्रत्येक पिक्सेलला ० ते २५५ मधला एक आकडा असतो. वरच्या लेयरची किंमत २००, खालच्याची १०० आणि मास्क १२८ असेल, तर दोन्ही जवळपास निम्मे-निम्मे मिसळून १५० येतात. बास, एवढंच गणित. म्हणूनच केसांच्या कडेला मऊ ब्रश वापरायचा. तिथे करड्या छटा तयार होतात आणि कात्रीने कापल्यासारखी कड दिसत नाही.

माझ्या मामेबहिणीकडे आजीचा एकच धड फोटो होता, लग्नाच्या पंगतीतला. फ्रेम करायची म्हणून तिने शेजारची माणसं इरेजरने काढली, त्यात आजीच्या पदराची कडही गेली आणि मूळ फाईलवरच सेव्ह झालं. कागदी प्रिंट घरात कुणाकडेच नव्हती. मास्क असता तर पांढरा ब्रश फिरवून पदर दोन मिनिटांत परत आला असता.

मोबाईलवर करून बघायला फोटोपी चांगलं आहे. ते ब्राउझरमध्येच चालतं, पण छोट्या स्क्रीनवर बोटांची कसरत होते, लॅपटॉप मिळाला तर उत्तम. लेयर निवडा, पॅनलच्या तळाशी चौकोनात गोल असलेलं चिन्ह दाबा, आणि काळा ब्रश घेऊन नको तो भाग रंगवा. जास्त झाकलं गेलं? ब्रश पांढरा करा. कीबोर्ड असेल तर एक्स दाबला की दोन्ही रंगांची अदलाबदल होते. गिंपमध्ये हेच लेयर मेन्यूतल्या मास्क या पर्यायात सापडेल.

स्नॅपसीडमध्ये मास्क एडिटला लागतो. समजा ट्रेकच्या फोटोत आकाश लख्ख आणि चेहरा काळा आलाय. आधी सगळा फोटो उजळा, मग व्ह्यू एडिट्समध्ये त्या एडिटवर टॅप करून ब्रश निवडा आणि फक्त चेहऱ्यावर फिरवा. ब्रशचे १००, ७५, ५०, २५, ० हे आकडे म्हणजे आपले पांढरे-करडे-काळेच. (ॲपच्या आवृत्तीनुसार बटणांची जागा बदलू शकते.)

फोटोवरच काळा रंग लागत असेल तर मास्कऐवजी चित्राचा थंबनेल निवडलेला असतो. मास्कच्या थंबनेलवर टॅप करा.

आणि सेव्ह करताना जेपीजी निवडलं तर लेयर, मास्क सगळं एकत्र चिकटून जातं. व्हॉट्सॲपवर पाठवायला जेपीजी ठीक आहे, पण स्वतःकडे पीएसडी फाईल ठेवाच, गिंपमध्ये असाल तर एक्ससीएफ.